शोकाकुल म्हणून चार नावं

तातेराव खरात गेले, त्यात मला काय काय मिळणार होतं, हे मी त्यांच्या दारात चपला काढता काढताच मांडून बघितलं. स्वभावाला औषध नाही. तीस वर्षं बियाणं कंपनीच्या ऑफिसात जमाखर्च लिहिला. आता निवृत्त झालो, तरी काही घडलं की मला आधी दोन रकाने दिसतात. जमेच्या बाजूला शनिवारची संध्याकाळ, जी बावीस वर्षं 'हॉटेल मैत्री, परमिट रूम' इथं जात होती, ती परत मिळणार. यकृत जेवढं उरलंय तेवढ्याला विश्रांती. आणि सगळ्यात मोठी बाब म्हणजे मी शनिवारी कुठं जातो आणि किती घेतो हे ठाऊक असलेला मुख्य साक्षीदार आता बोलणार नव्हता. बाकीची पंधरा गिऱ्हाइकं जाणत होती, पण ती माझ्याइतकीच अडकलेली. चोराच्या बाजूनं चोराची साक्ष धरत नाहीत, तशी विरुद्धही धरत नाहीत.

नावेच्या बाजूला काही दिसेना. तिथं मी रीतीप्रमाणे 'दुःख' असं लिहिलं आणि आत गेलो.

आमची व्यवस्था सांगायला हवी. शनिवारी सात वाजता मी घरी विमलला सांगायचो की राधेश्यामच्या दुकानाचा हिशेब लिहायला चाललो. राधेश्याम लाहोटी हा सरकी-पेंडीचा व्यापारी आणि माझा जुना मित्र. तो त्याच्या घरी सांगायचा की जगन्नाथजीकडे बुद्धिबळ खेळायला चाललो. म्हणजे मी त्याच्याकडे गेलेलो, तो माझ्याकडे आलेला, आणि दोघं नवीन जालन्यात स्टेशनमागच्या 'मैत्री'त समोरासमोर बसलेलो. बावीस वर्षांत दोन्ही घरांतून एकदाही चौकशी झाली नाही. याचं श्रेय मी आमच्या नियोजनाला देत असे.

तातेराव हा माणूस हसत नसे. काउंटरवर बसायचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, समोर काळा फोन आणि एक जाडजूड डायरी. स्वतः थेंबाला शिवत नसत. कुणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "इकणं धंदा हाये, पिणं शौक हाये. मला शौक परवडत न्हाई." गिऱ्हाइकाला नावानं हाक मारणं त्यांना मंजूर नव्हतं. ज्याचं जे गाव तेच त्याचं नाव. मी परतूर. काकडे सर अंबड. वीज कंपनीतले नागसेन गवई मंठा. राधेश्याम इथलाच, म्हणून तो नुसता जालना. भिंतीवर पाटी होती, 'राजकारण, रडणं आणि फोटो काढणं बंद.' आणि जी पाटीवर नव्हती पण सगळ्यांना पाठ होती ती अट म्हणजे तिसरा पेग नाही. मागितला तर ग्लास उचलून न्यायचे आणि म्हणायचे, "परतूर, उठा. तिसरा पिणाऱ्यासाठी पुढच्या चौकात दुकानं हायेत."

धंद्याच्या दृष्टीनं हे मला कधीच कळलं नाही. दारूच्या दुकानात दारू द्यायला नकार देणारा माणूस एकतीस वर्षं टिकला कसा, हे मी कागदावर मांडून बघितलेलं आहे. उत्तर येत नाही.

आणखी एक कोडं होतं. पावणेनऊ वाजले की एकेक गिऱ्हाईक उठायचं, आणि ते दाराबाहेर पडलं की तातेराव पाठ फिरवून फोन लावायचे. दोनच वाक्यं. "निघाला. दोन झाले." ठेवला फोन. पुन्हा कुणी उठलं की पुन्हा, "निघाला. दोन झाले." एखाद्या दिवशी "आज एकच." राधेश्यामचं म्हणणं होतं की हा सट्टा आहे. काकडे सरांचं म्हणणं होतं की माल कुठून तरी निघतो, दोन दोन खोक्यांनी. मी विचार करायचो तो घराच्या रस्त्यानं, आणि दारात पाऊल टाकलं की विसरायचो. कारण त्याच क्षणाला विमल तव्यावरची भाकरी उतरवत असायची. नऊला जा, सव्वानऊला जा, भाकरी गरम. याला मी पत्नीची माया समजत होतो.

तर आत गेलो. तातेरावांच्या पत्नी कौसल्यावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना मी तीनदा बघितलेलं, त्यांनी मला बहुधा एकदाही नाही. तरी म्हणाल्या, "तुम्ही परतूर ना? हिशेबाचं माणूस. तुम्हालाच सांगते." मी मनात म्हटलं, मुख्य साक्षीदार जाताना जबानी देऊन गेला.

"रविवारी पुण्यानुमोदन हाये, इथं विहारात. जेवणाचं, भंतेजींचं सगळं झालं. मला पैसे नकोत. चौकात एक बॅनर पाह्यजे, आणि खाली शोकाकुल म्हणून चार नावं."

"चार कशाला वहिनी, चाळीस—"

"चारच द्या," त्या म्हणाल्या. "समाजात म्हंतात यानं दारू इकली. गल्लीत म्हंतात यानं दारू इकली. मी कवा न्हाई म्हनलं? पण ज्यांनी पिली ते कुठं हायेत?"

या प्रश्नाला मी मान हलवली. कोणत्या दिशेनं, ते आठवत नाही.

घरी आलो तर शेजारचे माऊली जाधव अंगणात हजर. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून अख्ख्या गल्लीला ते फुकट सल्ला फाडून देतात. त्यांना मी फक्त एवढं म्हणालो की एका ओळखीच्यांचा श्रद्धांजलीचा बॅनर करायचाय.

"चौकात ना? मंग डाव्या हाताला लावा. उजव्या हाताला लावला तर वाढदिवसाचा वाटतो. आणि नावं मोठी टाका. मेलेल्याला कुणी बघत न्हाई, खाली नावं कुणाची हायेत ते बघतंय पब्लिक. मी तर आधी नावंच वाचतो. कोण कोणाचं कोण लागतं, बराबर कळून जातं."

मी 'डाव्या हाताला, बरं,' एवढं म्हणून घरात शिरलो.

पहिली अडचण फोटोची. फोटोला बंदी असलेल्या दुकानात मालकाचा फोटो असणार कसा? घरात एक लग्नातला होता, त्यात ते विशीतले. शेवटी परवान्यावरचा पासपोर्ट फोटो मिळाला. त्याच्या अर्ध्या गालावर गोल शिक्का. तो घेऊन मी फ्लेक्सवाल्या शिवाजीकडे गेलो. शिवाजी म्हणाला, "काका, टेन्शनच घेऊ नका. शिक्का काढतो, कोट घालतो." तासाभरानं बघितलं तर पडद्यावर निळ्या कोटातला एक गृहस्थ, मागं ढग, आणि तो खदाखदा हसत होता. वर लिहिलेलं, 'वैकुंठवासी'.

"हसवलं कशाला?"

"काका, कंप्युटरच हसवतो. त्यांचा चेहरा लई कडक दिसून राह्यला होता."

नमुना मोबाइलवर वहिनींना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. "हा कोण?" मी सांगितलं. "ह्यांचे दात मी चाळीस वर्षांत एवढे बघितले न्हाईत. तोंड बंद करा. आणि ते वैकुंठ काढा भाऊ, आमच्यात कालकथित लिहितात." मी परत शिवाजीकडे गेलो. तोंड बंद केलं तर ओठ नाहीसे झाले. ओठ आणले तर मिशी गेली. तिसऱ्या फेरीला शिक्क्याचा फोटोच बरा वाटायला लागला, आणि तोच ठेवला.

दुसरी अडचण परवानगीची. विनापरवाना बॅनर लावायचा नाही हे मी स्वतःहून ठरवलं, कारण मी कायद्याचा माणूस आहे. शिवाजी हसला, पण मी बधलो नाही. गुरुवारी सकाळी पालिकेत परवान्याच्या खिडकीवर गेलो. आत एक बाई होत्या, चष्मा कपाळावर.

"मृताशी नातं?"

"स्नेही."

"कसले स्नेही? शेजारी, नातलग, सहकारी? रकाना भरावा लागतो."

"शनिवारचे," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला, मला बघितलं, पुन्हा कपाळावर नेला आणि 'इतर' असं लिहिलं. मग एक कोरा कागद दिला. "खाली ज्यांची नावं येणार त्यांच्या संमतीच्या सह्या यावर. मागं एकाचं नाव न विचारता छापलं, तो इथं येऊन भांडला. शनिवारी बारापर्यंत आणा. सह्या न्हाई तर नावं न्हाई."

"आणि नुसतं 'समस्त मित्रपरिवार' लिहिलं तर?"

"त्याला सही लागत न्हाई. त्याला कुणी भांडायला येत न्हाई."

हे वाक्य मी जपून ठेवलं. माणसाला पळवाट दिसली की त्याची चाल बदलते, माझीही बदलली.

तिथून स्टेशनसमोरच्या चहाच्या हॉटेलात सभा. सोळाच्या सोळा जण आले. दोघांनी हेल्मेट काढलंच नाही. उन्हात, बिनादारूचे, आम्ही एकमेकांना प्रथमच नीट बघत होतो, आणि बघण्यासारखं काही नव्हतं. मी कागद टेबलावर ठेवला आणि वहिनींचं म्हणणं सांगितलं. सगळे गहिवरले. नागसेनने रुमाल काढला. मग मी पेन पुढं केलं, तसा रुमाल लगेच आत गेला.

"माझं नाव कसं टाकता?" काकडे सर म्हणाले. "मी शाळेत व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष हाये. मागच्याच आठवड्यात पोरांकडून शपथ घेतली."

"तुम्ही पण घेतली का?" राधेश्यामनं विचारलं.

"मी दिली. देणाऱ्यानं घ्यायची नसते."

"माझं म्हणशील तर जगन्नाथजी," राधेश्याम म्हणाला, "माझे व्याही रोज त्या चौकातून दुकानाला जातात. लेक दिली आपण त्यांच्या घरी. त्यांनी वाचलं तर बिलकुल इज्जत न्हाई राहायची."

नागसेन म्हणाला, "माझ्या सासूबाई पौर्णिमेला उपोसथाचा उपास धरतात आणि घर चौकातच. त्यांना कळलं तर मला पुन्हा जेवायला न्हाई बोलावणार." जरा थांबून म्हणाला, "तसं ते चाललं असतं. पण बायकोला पण न्हाई बोलावणार."

काकडे सरांनी तोडगा काढला की आद्याक्षरं टाकू. ज. प., रा. ला., ध. का. राधेश्याम म्हणाला की हे शिष्यवृत्तीच्या निकालासारखं दिसून राह्यलं. मग कुणी तरी सुचवलं की ते आपल्याला ज्या नावानं हाक मारायचे तीच टाकू. परतूर, अंबड, मंठा. सगळ्यांना एकदम आवडलं. मी ते मोठ्यानं वाचलं, "शोकाकुल, परतूर, अंबड, मंठा." वाचून झाल्यावर कळलं की तीन तालुक्यांनी बंद पुकारल्यासारखं वाटतंय.

"पण तुमचं काय?" हेल्मेटातून आवाज आला. "तुम्ही करून राह्यले ना सही?"

"मी अर्जदार आहे," मी म्हणालो. "अर्जदारानं सही करू नये असा संकेत आहे." असा कोणताही संकेत नाही. तो मी त्याच क्षणी काढला. पण बाकीच्या पंधरा जणांनी मान डोलावली, कारण प्रत्येकाला आपापला संकेत हवाच होता.

शेवटी ठरलं, 'शोकाकुल, समस्त मित्रपरिवार.' तेच वहिनींना सांगायला मी गेलो. त्यांनी शिवाजीचा नमुना हातात घेतला. शिक्क्याचा चेहरा, खाली एक ओळ.

"चार पण न्हाई?"

मी नियम सांगितले, खिडकी सांगितली, सह्यांची अडचण सांगितली. त्या ऐकत होत्या. मग नमुना माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "बरं." बस, एवढंच. तातेराव ग्लास उचलून न्यायचे ना, तसं वाटलं.

घरी विमल भाजी निवडत होती. "अहो, त्या खरातांच्या बॅनरवर किती नावं झाली?"

खरात हे नाव मी घरात उच्चारलेलं नव्हतं. "कोण खरात?"

"तुम्ही माऊलींना सांगत होता ना."

माऊलींना मी 'ओळखीचे' म्हणालो होतो. मी हे तिला सांगावं की न सांगावं, या विचारात भाजी निवडायला बसलो. मेथी निवडली. ती शेपू होती.

शुक्रवारी विमल दुपारभर घरी नव्हती. रात्री नऊपर्यंत तिचा फोन चालू होता. स्वयंपाकघरातून तुकडे ऐकू येत होते. "हो, सोळा," "डायरीत आहे ना," "तुमचं पूर्ण नाव सांगा, जसं रेशन कार्डावर आहे तसं." मला वाटलं महिला मंडळाची सहल आहे.

शनिवारी सकाळी पिशवीत बघतो तर सह्यांचा कोरा कागद नाही. कागद कोरा असला तरी सरकारी होता, आणि मी सरकारी कागद हरवणारा माणूस नाही. अकरा वाजता घामाघूम होऊन खिडकीवर गेलो. "बाई, तो कागद—"

"तुमचं झालं की. सह्या आल्या, नावं मंजूर. शुल्क भरा, पावती घ्या."

"कुणाच्या सह्या?"

"ज्यांच्या पाह्यजे त्यांच्या. तुमच्या घरच्याच बाई आणून देऊन गेल्या. पुढचा या."

आता इथं चौकशी करणं म्हणजे आपल्याच अर्जातलं आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं. मी "हां, हां, त्या," असं म्हटलं, शुल्क भरलं, आणि घामानं भिजलेली पावती घेऊन बाहेर आलो. बाहेर राधेश्यामचा फोन.

"जगन्नाथजी, तुम्ही सही केली म्हणे."

"मी नाही. तुम्ही केली?"

"मी कशाला करू? शिवाजी सांगून राह्यला की नावं आली. काकडेनं केली असेल."

काकडे सरांचा फोन आला, त्यांना नागसेनचा संशय होता. नागसेनला माझा. संध्याकाळपर्यंत सोळा जणांपैकी प्रत्येकाची खात्री झाली होती की बाकीच्या पंधरांनी ऐन वेळी मोठेपणा दाखवला आणि आपणच हलकट ठरलो. माझा एक मिनिट तर ऊर भरून आला की आपल्या मित्रांत एवढं काळीज आहे. दुसऱ्या मिनिटाला वाटलं, आपलं नाव कुणी परस्पर घातलं तर नसेल?

विमलला विचारायचं धाडस केलं नाही. ती इस्त्री करत होती, पांढरी साडी.

रविवारी सकाळी आठला चौकात गेलो. डाव्या हाताला बॅनर. माऊली आधीच खाली उभे, चष्मा लावून. शेजारी काकडे सर, नागसेन आणि हेल्मेट घातलेले दोघं. राधेश्याम रिक्षातून उतरत होता. मी वर बघितलं.

कालकथित तातेराव खरात, हॉटेल मैत्री. भावपूर्ण आदरांजली. गालावर गोल शिक्का. आणि खाली मोठ्या अक्षरात शोकाकुल:

सौ. विमल जगन्नाथ परतूरकर. सौ. शकुंतला राधेश्याम लाहोटी. सौ. मंदाकिनी धर्मराज काकडे. आयु. ज्योत्स्ना नागसेन गवई.

आणि पुढं बारा. सोळा बायका, एकाखाली एक. प्रत्येकीच्या नावाच्या मधोमध, जिथं आम्ही स्वतःच लग्नाच्या दिवशी नेऊन ठेवलं होतं तिथं, आमचं नाव. तीन दिवस जे लपवायला आम्ही अख्खं नवीन जालना पालथं घातलं, ते चौकात पाटीएवढं टांगलेलं. सगळ्यांत खाली एक सतरावं नाव जरा बारीक होतं. सौ. संगीता शिवाजी. ते वाचून शिवाजी स्वतः शिडीवरून उतरायचा थांबला होता. "काका, बायकोनं टाइप करून पेन ड्राइव्हमधी दिलं," तो वरूनच म्हणाला. "मी फक्त छापलं." म्हणजे हा पण. हा बहुधा सोमवारचा.

एव्हाना सोळाच्या सोळा जण बॅनरखाली जमले होते. कुणालाच काही कळत नव्हतं. बायकांना हा माणूस कसा माहीत? बायका एकमेकींना कशा माहीत? आणि तेवढ्यात माऊलींनी चष्मा खाली करून माझ्याकडे बघितलं.

"परतूरकर," ते हळूच म्हणाले, "वहिनी बारमधी जातात का?"

हा प्रश्न असा होता की त्याला दोनच उत्तरं होती, आणि दोन्ही मला परवडणारी नव्हती. तिकडे राधेश्यामचा फोन वाजला. व्याह्यांचा होता. चौकातून गेलेले असणार. राधेश्याम फोन कानापासून लांब धरून ऐकत होता. "न्हाई, न्हाई, व्याहीबुवा," तो म्हणाला, "तुमच्या विहीणबाई न्हाई हो. त्या कशाला जातील. मी. मी जात होतो. बावीस वर्षं. दर शनिवारी. हां, बुद्धिबळ न्हाई." नागसेनच्या सासूबाई तर स्वतःच चौकात आल्या होत्या, काठी टेकत. नागसेन त्यांच्यापुढं उभा राहून म्हणत होता, "आई, ज्योत्स्नाचा काही संबंध न्हाई. ते माझं खातं." काकडे सरांच्या शाळेतली दोन मुलं सायकली थांबवून बॅनर वाचत होती. सर त्यांच्याकडे गेले, काही तरी बोलले. मुलं टाळ्या वाजवायला लागली, बहुधा त्यांना वाटलं की ही समितीचीच मोहीम आहे.

मी माऊलींना म्हणालो, "विमल नाही. मी."

"मला वाटलंच," माऊली म्हणाले. "तरी मी इचारलं."

बायका विहाराजवळ एकत्र उभ्या होत्या, पांढऱ्या साड्यांत. मी विमलला बाजूला घेतलं. सोळा नवरे सोळा बाजूंना हेच करत होते.

"बावीस वर्षांपूर्वी तुम्ही डायरी विसरून आलात तिथं," ती म्हणाली. "त्यांनी त्यातला घरचा नंबर बघून फोन केला. म्हणाले, बाई, डायरी राह्यली, आणि माणूस निघालाय, चालत येतोय, काळजी करू नका. मी म्हटलं, दर वेळी निघाले की सांगाल का? भाकरी टाकायला बरं पडतं. तेव्हापासून."

"निघाला," मी म्हणालो.

"दोन झाले," ती म्हणाली. "दोनाच्या वर देऊ नका हे पण मीच म्हटलं होतं. प्रत्येकीनं म्हटलं होतं. शुक्रवारी कौसल्यावहिनींकडे गेले तेव्हा त्यांनी काउंटरवरची ती जाड डायरी दिली. आत शनिवारच्या पानावर सोळा घरांचे नंबर. माझ्यासारख्या सोळा जणी आहेत हे मला तेव्हाच कळलं."

"मग राधेश्यामचा हिशेब..."

"तो बरोबर लिहीत जा हो," ती म्हणाली. "शकुंतलाताई म्हणाल्या, त्यांच्या दुकानात बावीस वर्षांत तुमची एक ओळ न्हाई."

विहारात गर्दी झाली. भंतेजींनी त्रिशरण दिलं, पंचशील दिलं. आम्ही सगळे हात जोडून उभे, ते म्हणतील ते मागं म्हणत होतो. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं, आवाज ठणठणीत. पाचवं आलं, दारूपासून दूर राहण्याचं, आणि पुरुषांच्या बाजूचा आवाज एकदम जमिनीला टेकला. बायकांच्या बाजूनं मात्र ते असं खणखणीत आलं की भंतेजींनी डोळे उघडून बघितलं.

नंतर कौसल्यावहिनी चौकापर्यंत चालत गेल्या. आम्ही मागं. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही, पण त्यांनी बोटानं एकेक नाव मोजलं. "सोळा. आणि हा छापणारा सतरा." मग शिक्क्याच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "बघा हो. चार मागितली होती."

मग आमच्याकडे वळल्या. "चला, चहा घ्या सगळे. दोन दोन कप मिळतील. तिसरा न्हाई."

त्यावर हसावं की काय करावं, ते कुणाला ठरवता येईना. पाटीवरची रडण्याची बंदी मात्र दोघातिघांनी मोडली. हेल्मेट घातलेल्यांनी काय केलं ते दिसलं नाही.

पुढच्या शनिवारी सात वाजता माझे पाय मला न विचारता निघाले. 'मैत्री'चं शटर बंद. समोर राधेश्याम उभा होता, काकडे सर होते. पावणेनऊपर्यंत उभे राहिलो आणि घरी गेलो. विमल टीव्ही बघत होती. तवा गार होता.

"आलात होय," ती म्हणाली. "मला कसं कळणार?"

भाकरी सकाळची होती. मी ती दुधात कुस्करून खाल्ली आणि रकाने काढून बसलो. बॅनरची छपाई: बायकांनी वर्गणी केली, शनिवारी आमच्या खिशात उरलेले सुटे त्या बावीस वर्षं काढून ठेवत होत्या, म्हणजे आमचेच. परवान्याचं शुल्क: मी, पावती माझ्या नावे. अब्रू: सोळा घरं, समान वाटणी. शिवाजीची वेगळी. गार भाकरी: मी.

आणि फोन. वर्षाला पन्नास शनिवार धरले, सणवार आणि ड्राय डे सोडून, तर बावीस वर्षांत नुसते माझ्या घरी अकराशे. जुन्या काळ्या फोनवरून, एका कॉलला एक पल्स, म्हणजे पुरत्या एका कॉलचे पैसे. ते कुणाच्या बिलात लागले नाहीत, चखण्यात नाहीत, सोड्यात नाहीत. मी प्रत्येक बिल तपासलेलं आहे. अकराशे फोन तातेरावांनी भरले.